आईजवळ बसणारं माणूस

डॉक्टरांनी खिशातून चावी काढली आणि तिच्या टोकाने आईच्या उजव्या तळपायावर एक रेघ ओढली. पायाचा अंगठा सावकाश वर गेला. त्यांनी चावी परत खिशात टाकली आणि म्हणाले, "टीचर, सेरेब्रल थ्रॉम्बोसिस आहे. उजवी बाजू गेली."

सेरेब्रल थ्रॉम्बोसिस म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी अडकणं. त्यातून येतो तो अर्धांगवायू. त्या सकाळी आई आमच्या भुईगावच्या केळीच्या वाडीत पाणी वळवायला गेली होती आणि बांधावर बसलेली सापडली. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. काय झालं विचारलं तर नुसतं "ता, ता" एवढंच येत होतं.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. वसईच्या ज्या दवाखान्यात आम्ही तिला नेलं, तिथे मेंदूचा फोटो काढायची सोय नव्हती. रक्त तपासलं, ईसीजी काढला, पाठीच्या मणक्यातून सुईने पाणी काढलं. त्याला लंबर पंक्चर म्हणतात. मी बाहेरच्या बाकावर बसायचे, उठायचे, दारापर्यंत जायचे, परत यायचे. शेजारच्या म्हाताऱ्याने शेवटी मला विचारलं की बाई, तुम्हाला बसायला त्रास होतोय का. माझ्या पायाला जन्मापासून भिंगरी आहे. शाळेत शिकवतानाही मी वर्गभर फिरत असते. वाट बघणं हे काम देवाने माझ्यासाठी केलेलंच नाही, आणि आजारपणात दुसरं काही कामच नसतं.

दुसरा शब्द शिकले तो अफेजिया. म्हणजे बोलण्याची शक्ती जाणं. डॉक्टर म्हणाले, "तिला सगळं कळतंय. फक्त शब्द सापडत नाही. तेव्हा तिच्यासमोर जपून बोला." हे वाक्य मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाने मान डोलावली आणि खाटेजवळ जाऊन म्हटलं, "अरेरे, काय होती आणि काय झाली."

घरी सोडताना मी विचारलं की आता पुढची औषधं कोणती. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम थोडं उरलंय टीचर. आता सगळं माणसाचं काम."

मग त्यांनी ते काम सांगितलं. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर बेडसोअर होतात, म्हणजे पाठीला, कमरेला दाबाच्या जखमा पडतात. पाठ स्पिरिटने पुसून पावडर लावायची. भरवताना बसवूनच भरवायचं, चांगल्या बाजूने, आणि नंतर गालात घास राहिला नाही ना हे बोटाने बघायचं. लुळे हातपाय रोज हलवायचे. बेडपॅन द्यायचं, धुवायचं. मला वडील नव्हते, भाऊ नव्हता. नवरा सकाळी मुंबईला जाऊन दिवेलागणीला यायचा. माझी रजा संपत आली होती. मी विचारलं, हे सगळं येणारी शिकलेली बाई कुठे मिळेल? ते हसले. म्हणाले, शिकलेल्या सगळ्या मुंबईच्या इस्पितळांत आहेत, उरलेल्या आखातात गेल्या.

तरी मी विरारहून एक शोधून आणली. एका प्रसूतिगृहात काम केलेली आया. पांढरीशुभ्र साडी, हातात घड्याळ. चादरीला एक सुरकुती पडू द्यायची नाही. आईला ती "पेशंट" म्हणायची आणि आईशी काही बोलायचं असलं की माझ्याशी बोलायची. बेडपॅन मात्र तिने उचललं नाही. ते तिच्याकडे कधी नव्हतंच, त्यासाठी वेगळं माणूस ठेवा म्हणाली. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी मनात म्हटलं आणि तिला परत विरारच्या एस.टी.त बसवून दिलं.

मग आली मार्था मावशी, आईची धाकटी बहीण. मायेने आली, हे मी कधीच नाकारणार नाही. पण मावशी खाटेजवळ बसायची आणि रडायची. आईने डावा हात उचलला की मावशी तो धरून ठेवायची. आईला कुशीवर वळवायला सांगितलं तर म्हणायची, तिला दुखेल, राहू दे. चार दिवसांत कमरेवर लाल डाग दिसला. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी दिवसभर भांडी आपटली.

आमच्या शाळेतल्या एका बाईंनी गोखिवऱ्याहून बायजाबाईला आणलं. पन्नाशीची, उंच, खांद्याची रुंद. तरुणपणी मिठागरात मिठाच्या पाट्या वाहिलेल्या. स्वतःच्या सासूचं अंथरुणातलं आजारपण तिने काढलं होतं, हीच तिची पदवी. मी तोंडी परीक्षा घ्यावी तशी तिची घेतली. ताप कसा बघतेस? हात लावून. थर्मामीटर? नाय येत. मी पुढचा प्रश्न शोधत होते तेवढ्यात तिनेच मला विचारलं, "आयला बसवाचा हाय का निजवून ठेवाचा हाय? ता पयलं सांगा."

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी तिला ठेवून घेतलं.

ती काही देवदूत नव्हती. दुपारी घोरायची. मिश्री लावून अंगणात थुंकायची. हातपाय हलवले का विचारलं तर "हलवलं" म्हणायची, आणि मग आई डावा हात आडवा हलवून मला सांगायची की खोटं बोलतेय. थर्मामीटर शिकवला तर पहिल्याच दिवशी फोडला. आमची रोज खडाजंगी व्हायची. पण ती आईला काखेत हात घालून उठवायची, उशांच्या आधाराने बसवायची आणि तिच्याशी बोलत राहायची. मिठागराच्या गोष्टी, सासूच्या चहाड्या, वाट्टेल ते. कमरेवरचा लाल डाग गेला. आई चमचा डाव्या हातात धरू लागली. मी शाळेत जाऊ लागले.

आता मी मूळ गोष्टीकडे येते.

मार्था मावशी एका दुपारी फादरना घेऊन आली. मी शाळेत होते. फादरांनी आईला तेलाचा अभ्यंग दिला. कपाळावर, हातांवर पवित्र तेल लावून प्रार्थना केली. आता चर्च सांगतं की हा संस्कार आजाऱ्याला बळ मिळावं म्हणून आहे. फादरांनीही तसंच सांगितलं असणार. पण आईच्या पिढीने ते तेल फक्त मरणाऱ्याच्या कपाळावर पाहिलं होतं. फादर तेल घेऊन घरात शिरले की शेजारी मागच्या दाराने मयताला येणाऱ्यांसाठी चटया आणायला लागायचे. आईला सगळं कळत होतं, डॉक्टर म्हणाले होते ना. तिला कळलं ते एवढंच, की आपल्यापासून लपवलंय, पण आपलं संपलं.

त्या संध्याकाळी तिने तोंड मिटलं. पेज नको, चहा नको. जेमतेम घोटभर पाणी, तेही औषधाच्या गोळीपुरतं. दुसऱ्या दिवशी तसंच. डावा हात सारखा भिंतीकडच्या ट्रंकेकडे. मला वाटलं दागिन्यांचं काही सांगायचंय. ट्रंक उघडून मी एकेक वस्तू वर धरत गेले. लाल लुगड्याशी आल्यावर तिने होकाराची मान हलवली. आमच्याकडच्या बायका एक कोरं लाल लुगडं बाजूला ठेवतात, शेवटच्या दिवसासाठी. मी ते आत कोंबलं आणि झाकण लावलं. कुणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासाठी तोंडातून शब्द निघायला हवा, तो आईसारखाच मलाही सापडेना.

डॉक्टर आले. त्यांनी तिला बसवून चमचाभर पाणी दिलं, घशाला बोट लावून बघितलं.

"गिळता येतंय," ते बाहेर येऊन म्हणाले. "गिळायचं नाहीये."

उद्यापर्यंत काही पोटात गेलं नाही तर राइल्स ट्यूब घालू म्हणाले. म्हणजे नाकातून जठरापर्यंत जाणारी नळी. त्यासाठी परत दवाखाना. मला दिसत होतं की ती नळी आई ओढून काढणार आणि मग तिथे तिचा डावा हात बांधणार. फादरांना परत बोलावून समजावायला सांगितलं असतं, पण मला भीती वाटली की ते दारात दिसले तर ती डोळेच मिटेल. मी स्वतः समजावलं. तेल बळासाठी असतं गं आई, परीक्षेच्या आधी आशीर्वाद घेतो तसं. ती माझ्याकडे बघत राहिली. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलाकडे मी जशी बघते, अगदी तशी.

दुसऱ्या दिवशी मी ट्यूबची व्यवस्था करायला वसईला गेले. दवाखान्यात बसवेना, म्हणून औषधाच्या दुकानापासून टांगा स्टँडपर्यंत उगाच दोनदा चालत गेले. दुपारी घरी परतले आणि फाटकातच थांबले.

आई ओट्यावर खुर्चीत बसली होती. अंगावर ते लाल लुगडं.

आधी मला फक्त ते लुगडंच दिसलं. मग दिसलं की ती बसलेली आहे, डोळे उघडे आहेत आणि बायजाबाई तिचे केस विंचरतेय. बायजाबाई माझ्याकडे बघून खुशीत म्हणाली, सकाळपासून ट्रंक दाखवत होती, मी लुगडा दाखवला तर मान हलवली. मग नेसवला. बसून बसून माणूस कंटाळतो, चांगलं नेसावंसं वाटतं. तिच्या गोखिवऱ्याला लाल लुगडं म्हणजे लग्नकार्य. आमच्या लुगड्याचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता.

आई काय विचार करत असेल, मला कळेना. तिचा चेहरा लाल झाला होता. वाडीकडे जाणारा शेजारी फाटकातून ओरडून विचारून गेला की काकी, कुणाच्या लग्नाला निघालीस? आईने डावा हात उगारला. त्यात राग होता की हसू, आजही सांगता येत नाही.

नेमकी तेव्हाच मार्था मावशी आली. तिने बघितलं आणि कपाळावर हात मारला. जित्या माणसाला मरणाचं नेसवलं, ही बाई घरात अवदसा घेऊन आलीय, हिला आत्ताच्या आत्ता घालव. बायजाबाईला आधी कळेना. मग मावशीने फोड करून सांगितलं. बायजाबाईचा चेहरा उतरला. ती आत गेली. तिचं दुपारचं ताट मी सकाळीच वाढून, झाकून गेले होते. ते तिने उचललं आणि तसंच उघड्या दारातून दिसणाऱ्या चुलीजवळ नेऊन ठेवलं. मग कपड्यांचं बोचकं घेऊन ओट्याच्या पायरीवर येऊन बसली, पदराने डोळे पुसत. मी मावशीशी भांडत होते, मावशी माझ्याशी. बायजाबाईकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

आईचं होतं.

आमच्या वाडीवर कामाला आलेलं माणूस उपाशी परत गेलेलं आईला कधीच चाललं नाही. मजुराचं ताट ती स्वतः वाढायची आणि तो उठेपर्यंत समोर बसायची. खुर्चीचा हात जोरात आपटल्याचा आवाज आला. आम्ही दोघी वळलो. आईचं तोंड वाकडं होत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. ती बायजाबाईकडे बघत होती.

"जेव," आई म्हणाली.

बांधावरून उचलून आणल्यापासूनचा तो पहिला धड शब्द. मला हुंदका फुटला. मावशीने छातीवर क्रूसाची खूण केली. बायजाबाईने मात्र मान वर करून सरळ उत्तर दिलं, दोघींचं रोजचंच बोलणं चालू असावं तसं.

"तुमी तोंड मिटून बसलाव, न मी जेवू? मना घास नाय जावाचा."

आई तिच्याकडे रागाने बघत राहिली. मग तिने तोंड उघडलं.

बायजाबाई उठली, आत गेली, पेज घेऊन आली. डाव्या बाजूने एक चमचा. गालात बोट फिरवून बघितलं. मग दुसरा. पेज लाल लुगड्यावर सांडली, कुणी पुसली नाही. चार-पाच चमचे झाल्यावर आईने ओठ मिटले आणि चुलीकडे बोट केलं. बायजाबाईने आपलं ताट आणलं आणि तिच्यासमोर ओट्यावर बसून जेवली. ट्यूब लागली नाही.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर घरात येणाऱ्या बाईला सगळं विचारा. कूस बदलता येते का, बसवून भरवते का, बेडपॅन उचलते का, पाठ रोज बघते का. हे यायलाच हवं, आणि येत नसेल तर डॉक्टरांकडून शिकवून घ्या. आपल्या घरच्या रीतीही तिला सांगा. तिला त्या कळतीलच असं धरून चालू नका. मी आईसाठी करणारं माणूस शोधत फिरले. आईलाही कुणासाठी तरी काही करायचं होतं, हे माझ्या डोक्यात कुठेच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला नुसतं घेणारी करून ठेवलं होतं. म्हणून माझं एक ऐका. त्या बाईचं ताट स्वयंपाकघरात वाढू नका. आजाऱ्यासमोर वाढा.

आई त्यानंतर बरीच वर्षं जगली. शब्द फार आले नाहीत, दहा-बारा आले असतील. दुपारी बायजाबाई जेवायला बसली की आई आधी तिच्या ताटात डोकावायची, आणि भात कमी दिसला तर माझ्या नावाने खुर्चीचा हात आपटायची.