माझ्या हातचा स्वेटर

हसायचं नाही, असं कबूल करत असाल तरच सांगते. आणि हे आपल्यातच राहू द्या. राहणार नाहीच म्हणा, कारण रायस्वाइकमधल्या सगळ्या मराठी घरांत ते कधीच पोचलंय. उरलेलं गाव डच आहे, आणि त्यांनी तर ते डोळ्यांनी पाहिलंय!

सुरुवात मृदुलापासून. माझ्या सगळ्या फजित्यांची सुरुवात मृदुलापासूनच होते.

मृदुला माझी मैत्रीण. चांगली मैत्रीण, बरं का. आम्ही दोघी एकाच वर्षी नवऱ्यांच्या मागोमाग बॅगा घेऊन या देशात आलो, एकाच बाकावर बसून डच शिकलो. फरक एवढाच, की ती जे करायला घेते ते तिला जमतं.

जळते मी तिच्यावर. उगाच 'गोड हेवा' वगैरे म्हणणार नाही. सरळ जळते!

आता तुम्हीच सांगा, का जळू नये? इथला हिवाळा तुम्हाला माहीत नाही. नोव्हेंबरात आभाळ एकदा खाली उतरतं, ते मार्चपर्यंत डोक्यावर बसून राहतं. सकाळी साडेआठला उजाडतं आणि दुपारचा चहा होईपर्यंत अंधार. अशात माणसानं काय करावं? मी पांघरुणात शिरून चिक्की खाते. मृदुला शनिवारी कुत्र्याला घेऊन समुद्रावर जाते, येऊन वाटाण्याचं सूप करते, मेणबत्त्या लावते आणि सोफ्यावर बसून विणते. हे मला कसं कळतं? तिच्या स्टेटसवरून! सकाळी कुत्रा, दुपारी सूप, संध्याकाळी लोकर.

लोकरसुद्धा साधी नाही. तिची नणंद स्कॉटलंडला असते, ती खास तिकडच्या मेंढ्यांची पाठवते. माझी नणंद मला काय पाठवते? 'शुभ सकाळ'! तेही गुलाबाच्या फुलासकट.

कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी गप्प बसले नाही. आमच्या शेजारी टोन आजोबा एकटेच राहतात. त्यांचे गुडघे गेलेत, आणि त्यांचा पिम, म्हणजे तो लांबच लांब, आखूड पायांचा डॅशहंड, घरात बसून जाड होत चाललेला. मी म्हटलं, आजोबा, शनिवार-रविवार मी याला फिरवते. शेजारधर्म म्हणून!

"शेजारधर्म?" नितीन म्हणाला. नितीन म्हणजे माझा नवरा. "शेजारधर्म तुला मृदुलानं कुत्रा आणल्यावरच कसा आठवला?"

त्याच्याकडे लक्ष देऊ नका. मीही देत नाही.

तर जानेवारीत मृदुलानं आमच्या मराठी ग्रुपवर फोटो टाकला. तिचा लाडू, म्हणजे तिचा कुत्रा, करड्या रंगाच्या हातविणीच्या स्वेटरात. खाली बदामांचा पाऊस. 'किती गोड!', 'मृदुला, तुझ्या हातात जादू आहे गं!' आणि तिचं त्यावर नम्र उत्तर, 'काही नाही गं, उरलेली लोकर होती.'

उरलेली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि त्या तिळपापडात माझ्या बोटांनी काय टाइप केलं असेल?

'अय्या, मीपण पिमसाठी विणतेय! होतच आलाय.'

पाठवून मोकळी झाले. मागून नितीनचा आवाज आला, "कोण विणतंय?"

पुढच्याच मिनिटाला मृदुलाचा मेसेज. 'वा! मग पुढच्या शनिवारी सगळे मिळून फिरायला जाऊ. लाडू आणि पिम, दोघं स्वेटरात!' सात-आठ जणांनी लगेच होकाराचे अंगठे टाकले. म्हणजे माझ्याकडे आठ दिवस होते आणि स्वेटर नव्हता. सुया नव्हत्या, लोकरही नव्हती. विणकामाचा अनुभव म्हणाल तर सातवीत एक मफलर सुरू केला होता, तो आईनं पूर्ण केला.

पण एकदा शब्द दिला की दिला. लोकर आणली, सुया आणल्या, व्हिडिओ लावला. व्हिडिओतली बाई हसत हसत म्हणे, 'हे अगदी सोप्पं आहे.' मेली! सहा दिवस ऑफिसची कामं संपवून मी टाके घालत होते. एका बाजूनं घातले की दुसऱ्या बाजूनं पळायचे. गुरुवारी जे काही तयार झालं, ते टेबलावर ठेवलं.

नितीननं ते उलटसुलट करून बघितलं. "हा पिमसाठी केलेला स्वेटर आहे, की पिमनं केलेला?"

शेजारून पिमला मागून आणलं. त्यानं तो हुंगला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सोफ्याखाली जाऊन बसला. जाड झालेला कुत्रा, एरवी सोफ्याखाली शिरत नाही. पण शिरला!

मग उजाडला शनिवार. उजाडला कसला, आठ वाजता अंधारच होता, वर दाट धुकं. मी पिमला घेऊन कालव्याच्या कडेनं निघाले. मनात एकच विचार, आज काय सांगायचं? स्वेटर धुवायला टाकलाय? आटला? चोरीला गेला?

कालवा संपतो तिथं वळणावर फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून कमरेएवढा लोखंडी खांब आहे. पिम थांबला, त्याचे ठरलेले थांबे आहेत. मी मोबाइलचा उजेड पाडला, आणि बघते तर काय!

खांबावर स्वेटर!

जांभळा, मधे हिरव्या आणि पांढऱ्या पट्ट्या, एका बाजूला ओळीनं लाकडी बटणं. काय वीण होती सांगू! एक टाका वर नाही, एक खाली नाही.

आता, इथली एक पद्धत आहे. रस्त्यात कुणाचा हातमोजा पडला, टोपी पडली, की लोक ती उचलून जवळच्या कुंपणावर, खांबावर अडकवून ठेवतात. ज्याची असेल तो येऊन नेतो. मला हे सगळं ठाऊक आहे. इथं राहायचं तर इथल्या रीतिरिवाजांची सरकारी परीक्षा द्यावी लागते, ती मी पहिल्या झटक्यात पास झालेय! त्यामुळे मी क्षणात ओळखलं, कुठल्या तरी लांबोडक्या कुत्र्याचा स्वेटर हरवलाय, आणि कुणा भल्या माणसानं तो वाळत घालावा तसा खांबाला घातलाय.

माझ्या मनात चोरी नव्हती हो. एक दिवस! एक फिरणं, एक फोटो, आणि संध्याकाळी होता तिथं परत. आजूबाजूला पाहिलं. धुक्यात स्वतःचे बूट दिसत नव्हते. भराभर बटणं सोडली आणि स्वेटर जॅकेटात कोंबला.

घरी येऊन पिमला घातला. अहो, मापात! जणू त्याचं माप घेऊनच विणलेला. थोडा लांब होता, पण गळ्याशी दुमडल्यावर झकास पोलोनेक झाला. एकच गोष्ट मला जरा विचित्र वाटली. पायांना भोकंच नव्हती. म्हटलं, इथली फॅशन असेल! बटणांची बाजू पोटाखाली घेतली, मधली दोन बटणं उघडी ठेवून पुढचे पाय त्यातून काढले, आणि मागची बाजू गुंडाळून पाठीवर घेतली.

नितीन दात घासत आला. "हा कुठून आणलास?"

"विणला."

"रात्रीत?"

"तू ब्रश कर."

फोटो काढला, ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'माझ्या हातचा!' सोबत हात जोडलेले. नुसता फोटो टाकला असता तरी चाललं असतं की नाही? पण नाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बदामांचा पाऊस आता माझ्या अंगणात. तेवढ्यात कोथरूडहून सासूबाईंचा फोन. फोटो स्टेटसलाही टाकला होता ना! "अगं, कुत्र्याला स्वेटर विणलास म्हणे? छान हो. अठरा वर्षं झाली लग्नाला, मला कधी कानटोपी नाही दिसली तुझ्या हातची."

"पुढच्या हिवाळ्यात नक्की, आई."

एकावर एक फ्री लागतं तसं खोट्यावर खोटं लागत जातं.

अकराला सगळे जमले. धुकं विरलं होतं. मृदुला लाडूला घेऊन आली, आणि पिमला बघून जागच्या जागी थांबली. तोंड अर्धवट उघडं. अहो, तो क्षण! अकरा वर्षांत पहिल्यांदा मृदुला माझ्याकडे बघून गप्प झाली होती. मला वाटलं, जळली! माझ्या पोटात असं गारेगार वाटलं म्हणून सांगू.

"हा तू विणलास?" ती म्हणाली.

"हो ना. वेळ मिळेल तसा."

तिनं खाली वाकून स्वेटरवरून हात फिरवला. "पायांना भोकं नाही ठेवलीस?"

"ओपन डिझाइन आहे ते. हवा खेळती राहते."

"जानेवारीत?"

"कुत्र्यांना गरम होतं गं."

"हं. किती टाके घातलेस?"

"मी मोजत नाही बाई. अंदाजानं घालते. आपली आई आमटीत मीठ घालते ना, तसं."

"आणि लोकर?"

"डेल्फ्टच्या बाजारातली. साधीच आहे."

"हो का? मला अगदी स्कॉटिश वाटतेय," ती म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. मी म्हटलं, हस, हस! पोटात दुखतंय ना, म्हणून हसतेस.

निघालो. मी सगळ्यांत पुढे, पिमला घेऊन, मान ताठ. रस्त्यात डच लोक पिमला बघून थांबत होते, हसत होते. दोघांनी फोटो काढले. एरवी ही माणसं कशी, मान हलवून पुढे जाणारी. आज बघावं तो खूश! मागून मृदुला म्हणाली, "इथून उजवीकडे जाऊ या का? छान रस्ता आहे." मीही मोठ्या मनानं उजवीकडे वळले.

आणि जागच्या जागी थांबले.

रस्त्याच्या कडेनं ओळीत बारा खांब. पहिल्याला लाल स्वेटर. दुसऱ्याला निळा. तिसऱ्याला पिवळ्या ठिपक्यांचा. एकेका खांबाला मापात विणलेला, लाकडी बटणं लावलेला स्वेटर! असे अकरा. आणि शेवटचा, कालव्याच्या वळणावरचा, उघडानागडा.

अहो, खांबाचा स्वेटर! आमच्याकडे स्वेटर माणसांना पुरत नाही, इथं खांबाला थंडी वाजते हे मला कोण सांगणार? परीक्षेत विचारलंच नव्हतं!

त्या उघड्या खांबापाशी दोन डच आजीबाई उभ्या होत्या. एकीच्या हातात शिवणाची टेप. दुसरीनं आधी मला पाहिलं, मग खाली पिमला, आणि मग आनंदानं ओरडली, "मृदुला! अगं, हा बघ तुझा स्वेटर सापडला!"

तुझा.

मृदुलाचा!

इथल्या समाजमंदिरात विणकामाचा एक गट आहे. हिवाळ्यात रस्ता जरा रंगीत दिसावा म्हणून त्यांनी खांब वाटून घेतले होते. मृदुला त्या गटात आहे, आणि शेवटचा खांब तिचा. आदल्या दिवशी संध्याकाळीच तिनं तो स्वतःच्या हातानं चढवला होता. म्हणजे पिमला पाहिलं त्या पहिल्या क्षणापासून तिला माहीत होतं! आणि मी तिला, तिच्याच टाक्यांवर हात ठेवून, आमटीतलं मीठ सांगत होते.

मागे आमची सगळी मराठी मंडळी. कुणी खोकत होतं, कुणी आभाळ बघत होतं. मला वाटलं, कालवा जवळच आहे, उडी टाकावी. पण तेवढ्यात पिम पुढे झाला. त्यानं त्या नागड्या खांबाला नीट हुंगलं, त्याचाच स्वेटर घालून त्याच्यापाशी उभा राहिला, आणि सावकाश पाय वर केला.

आजीबाई टेप हातात धरून बघत राहिल्या. मी नुसती पिमचा पट्टा ओढत राहिले. डचमधलं 'माफ करा' एवढंही आठवेना.

शेवटी मृदुलाच बोलली. फाडफाड डचमध्ये. "ही माझी मैत्रीण. पॅटर्न शिकायला म्हणून तिनं घेतला होता. हीसुद्धा आता आपल्या गटात येणार आहे." आणि तसंच हसत, ओठ न हलवता, मराठीत मला, "मान हलव."

मी हलवली. आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना मी तिला म्हटलं, "पिमला पाहिलंस तेव्हाच का नाही गं बोललीस? सगळ्यांसमोर?"

"बोलणार होते," ती म्हणाली. "पण तू इतकी खूश दिसत होतीस."

घ्या! आता अशा बाईवर धड रागावताही येत नाही. रागावता आलं असतं तर माझं जळणं निम्मं कमी झालं असतं.

आणि पुढे ऐका. मी स्वेटर धुऊन परत द्यायला गेले, तर म्हणाली, "राहू दे पिमला. टोन आजोबांना किती आवडलाय. खांबाचा तू वीण." त्यामुळे आता पिम शनिवार-रविवार मृदुलाच्या स्वेटरात फिरतो, आणि रस्त्यात कुणी विचारलं, कुणी विणला, तर मला उत्तर द्यावं लागतं, "मृदुलानं." दर शनिवारी, रविवारी. चार-चार वेळा.

मंगळवारी संध्याकाळी मी समाजमंदिरात जाते. माझ्या एका बाजूला टेपवाल्या आजीबाई, दुसऱ्या बाजूला मृदुला. मी विणते, ती उसवते. सहा वेळा उसवला. सातव्यांदा म्हणाली, "चालेल." तिच्या तोंडून 'छान' नाही निघालं, पण 'चालेल' निघालं. मी स्वतः जाऊन तो त्या शेवटच्या खांबाला चढवला. खरोखर माझ्या हातचा! वरून जरा घट्ट झालाय, खालून जरा सैल, आणि एक बटण समोर यायचं ते मागे गेलंय. पण माझा!

तेव्हापासून रोज सकाळी, पिम सोबत असो-नसो, मी आधी तिकडेच जाते. वळणावर पोचेपर्यंत वाटतं, आज नक्की गेला असणार, आणि वळल्यावर दिसतो तो, होता तिथंच.

मृदुलानं विणलेला एका रात्रीत चोरीला गेला होता. माझा लावून महिना झाला, अजून कुणी हातसुद्धा लावलेला नाही.