मोरीतली ओळख

उंदीर पाळणारी बाई मी नव्हे. घरात उंदीर दिसला की खराटा हातात घ्यायचा, एवढंच मला ठाऊक होतं. पण लेक कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकायला लागली आणि एक दिवस तिथले नको झालेले दोन पांढरे उंदीर खोक्यात घालून घेऊन आली. दोन्ही नर, एकाच विणीचे.

"लोक उंदीर घालवत्यात, तू घरात आणतीस," मालक म्हणाले.

"दोन-अडीच वर्षं तर जगत्यात बाबा, ऱ्हाऊ द्या की," ती म्हणाली.

महिन्याभरात मालकच ताटातला भाकरीचा पापुद्रा त्यांच्यासाठी बाजूला काढायला लागले. मी नुसती बघायची.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. शिक्षण संपल्यावर लेकीनं परस्पर रजिस्टर लग्न केलं. मुलगा हुपरीचा. घरातच चांदीच्या पैंजणांचं काम. आम्ही बौद्ध, ते लोक नव्हेत. तिच्या सासरच्यांनी कुरकुरत का होईना, तिला आत घेतलं. आमच्याकडं मालकांनी दार बंद केलं. "ह्या उंबऱ्यात ती न्हाय पायजे," एवढं एकदा बोलले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. मी काय केलं म्हणाल, तर काही केलं नाही. भाकऱ्या थापत होते, थापत राहिले.

उंदीर आमच्याकडंच राहिले. सहा-सात महिन्यांनी त्यातल्या एकाला पोटाला गाठ आली आणि तो मेला. दुसऱ्यानं खाणं सोडलं. खोक्याच्या कोपऱ्यात केस पिंजारून बसायचा.

मी तेव्हा एका बालवाडीत मदतनीस होते. सतरंज्या घालायच्या, पोरांची नाकं पुसायची. समोर फोनचा बूथ होता. लेक कधीमधी तिथं फोन करायची आणि बूथवाला मला हाक मारायचा. मी तिला सांगितलं, एक मेला, दुसरा खात नाही.

ती म्हणाली, "एकटा ऱ्हायला तर मरंल त्यो. माझ्याकडं बी एक हाय, ह्यांनी बाजारातनं आणलाय. त्यो बी एकटाच. दोघांची वळख करून देऊया, मग मी दोन्ही घेऊन जातो."

"वळख करून द्यायची म्हंजे काय? सोयरीक हाय काय?"

"सोयरिकीपेक्षा अवघड असतंय ते. दोन अनोळखी नर एकमेकाला फाडत्यात. जागा बघ कुठंतरी."

घरी बोलावता येत नव्हतंच. शनिवारी बालवाडी अकराला सुटायची आणि किल्ली माझ्याकडं असायची. मी म्हणाले, इथंच ये.

ती आली तेव्हा आठ महिन्यांनी मी तिला बघत होते. वाळली होती. हातात झाकणाची टोपली. त्यात तिचा उंदीर, अंग पांढरं आणि डोकं तेवढं काळं, टोपी घातल्यासारखं. ती पाय धुवायला नळावर गेली.

आता माझी चूक सांगते. पाहुणा आला की त्याला घरात घ्यायचं, गूळपाणी पुढं करायचं, ही आमची रीत. म्हणून मी आमच्या उंदराचं खोकं होतं तसंच आणलं होतं, चिंध्यांसकट. कोपऱ्यात गुळाचा खडा ठेवला होता, भाकरी ठेवली होती. ती पाय धुऊन येईपर्यंत मी टोपीवाल्याला उचललं, "या पावणं" म्हणाले आणि खोक्यात सोडलं.

पुढं काय झालं ते डोळ्यांना दिसलंच नाही, इतकं पटकन झालं. नुसता गोळा फिरत होता आणि चिरकणं. लेक धावत आली, वर टॉवेल टाकला आणि दोघांना वेगळं केलं. टोपीवाल्याच्या ढुंगणाला चावा होता.

"आई, त्याचं घर हाय न्हवं ते," ती म्हणाली. "त्याच्या घरात परका आला की त्यो मारणारच. त्यात त्याची काय चूक न्हाय."

आम्ही दोघी त्या खोक्याकडं बघत राहिलो. वर मान कुणी केली नाही.

कॉलेजात जनावरं सांभाळणाऱ्या शिपायानं तिला सगळं शिकवलं होतं. दोन नर भेटवायचे तर जागा तिसरी पाहिजे, ना ह्याची ना त्याची. तिथं दोघांचाही वास नको. आणि भेटायच्या आधी घरी बसून एकमेकांच्या वासाची सवय व्हायला पाहिजे. बालवाडीच्या मागच्या खोलीत एक मोरी होती, वापरात नसलेली, गुडघाभर कठड्याची. राख लावून गरम पाण्यानं ती आम्ही घासून काढली. मग चिंध्यांची अदलाबदल केली. तिनं टोपलीतला तिच्या ओढणीचा तुकडा मला दिला. मी खोक्यातलं फडकं काढून तिला दिलं. मालकांचं जुनं बनियन होतं ते.

"बाबांचं?"

"व्हय."

तिनं त्याची घडी घातली आणि टोपलीत न टाकता पिशवीत ठेवली.

"उंदराला दे म्हणून दिलंय."

"देतो की," ती म्हणाली. दिलं का नाही, मला माहीत नाही.

मग दर शनिवार. पहिल्यांदा दहा मिनिटं, मग पाव तास, मग तास. मोरीत दोघांना सोडायचं आणि आम्ही दोन बाजूंना पोरांच्या बुटक्या स्टुलांवर बसायचं. ते अंग फुगवायचे, आडवे चालायचे, एकमेकांना ढुंगणानं ढकलायचे. एक दुसऱ्याला उताणा पाडायचा, खालचा चिरकायचा. माझा हात पुढं जायचा.

"चिरकला म्हणून उचलू नगं," लेक म्हणायची. "रक्त दिसलं तरच हात घालायचा. त्यांचं त्यांना ठरवू दे."

उंदरांकडं बघत बसलं की बोलणं सोपं जातं. तोंडाकडं बघावं लागत नाही. ती घुंगरं जोडायला शिकत होती, त्याचं सांगायची. सासू आमटीत साखर घालते म्हणायची. मी शेजारच्यांचं सांगायची. बाबांचं तिनं विचारलं नाही, पण मी मधेच त्यांचा गुडघा दुखतो असं सांगून टाकायची आणि ती ऐकून घ्यायची. एका शनिवारी मोरीत बघत बघतच म्हणाली, "तिसरा म्हैना लागलाय."

"मग आणि उंदरांत कशाला हात घालतीस?"

"तू बी काय आई. उंदरानं काय हुतंय?"

पाचव्या शनिवारी टोपीवाला मोरीत आडवा झाला आणि आमचा उंदीर त्याचा कान चाटायला लागला. मग दोघं एकावर एक मान टाकून झोपले.

"झालं," लेक म्हणाली. तिला आनंद झाला होता. "फुडच्या शनिवारी दोन्ही घेऊन जातो."

"ने की," मी म्हणाले.

घरी जाताना मला कळलं की मला ते नको होतं. उंदरांचं काम संपलं म्हणजे तिचं यायचं कारण संपलं. शुक्रवारी पोरं गेल्यावर मी आमच्या उंदराला एकट्याला मोरीत सोडलं. त्याच्या चिंध्या टाकल्या, भाकरी टाकली, दुपारभर त्याला तिथं फिरू दिलं. शनिवारी सकाळी लवकर जाऊन पुन्हा सोडलं. चिंध्या उचलल्या, पण मोरी घासली नाही. मोरी त्याची झाली.

लेकीनं टोपीवाल्याला सोडलं आणि आमच्या उंदरानं त्याचा कान फाडला.

तिनं दोघांना वेगळं केलं, कान पुसला. मग कठड्यावरून वाकून मोरी बघितली. कोपऱ्यात लेंड्या होत्या, भाकरीचा चुरा होता.

"आई, ह्याला आदीच सोडलं हुतंस?"

"व्हय."

"मुद्दाम?"

"व्हय."

ती स्टुलावर बसली. "मला नुसतं ये म्हणाली असतीस तर?"

"आली असतीस?"

तिनं विचार केला. खोटं बोलायची सवय तिला नव्हती. "नसतो आलो," ती म्हणाली. "घरात येता येत न्हाय. आणि असं भाईर बसून तू आणि मी काय बोललो असतो?"

मी पाणी तापवून आणलं. तिनं मला हात लावू दिला नाही, पोटुशी असताना वाकून स्वतः मोरी घासली. घासता घासता म्हणाली, "आता आणि दोन शनिवार तरी लागत्यात." खरंच लागणार होते, का तिनं मला दिले, हे मी विचारलं नाही.

दोन शनिवारांनंतर दोन्ही उंदीर एका टोपलीत बसले. मी हुपरीच्या एसटीपर्यंत तिच्याबरोबर गेले. खिडकीतून ती म्हणाली, "उंदीर बघायला येत जा."

घरी खोकं रिकामं दिसल्यावर मालकांना सांगणं भाग होतं. मी सरळ सांगितलं, उंदीर तिच्याकडं दिलाय, शनिवारी बघायला जाणार आहे. त्यांनी चपलेचा सुटलेला अंगठा दाबून बसवला. मग म्हणाले, "जाताना भाकरी ने त्याला. शिळी नगं."

असं माझं जाणं सुरू झालं. पहिल्या दिवशी तिची सासू दारात उभी राहून मला वरपासून खालपर्यंत बघत होती. "उंदीर बघायला आलोय," मी म्हणाले. हसायला आलं तिला. आत घेतलं आणि चहा टाकला. त्यातही साखर फार होती.

लेकीला मुलगी झाली. ती रांगायला लागली, चालायला लागली. मी जायची, भाकरी द्यायची, टोपलीत डोकवायची, मग नातीला मांडीवर घ्यायची. पुढं एका शनिवारी टोपलीवर कापड टाकलेलं होतं. "झोपल्यात, उठवू नगं," लेक म्हणाली. पुढच्या खेपेलाही झोपलेले होते. तिसऱ्या खेपेला ती भाकरी घेऊन आत गेली आणि मी टोपली पायानं जराशी सरकवली. हलकी होती. ती बाहेर आल्यावर मी विचारलं, "खात्यात का नीट?"

"खात्यात की," ती म्हणाली.

त्यानंतरही मी जातच राहिले. पुढं जावयाला चांदीच्या कामासाठी तिकडं तमिळनाडूत सेलमला जावं लागलं आणि त्याच्याबरोबर लेक आणि नात दोघीही गेल्या. तोवर चार वर्षं मी उंदीर बघायला हुपरीला गेले. दर शनिवारी मी निघायच्या वेळी मालक चुलीपाशी येऊन विचारायचे, भाकरी घेतलीस काय. उंदीर किती वर्षं जगतात, हे त्यांनाही ठाऊक होतं.