ड्रायव्हरच्या मागची सीट

सीटबेल्ट ज्याने कुणी शोधून काढला तो पुरुष असणार, आणि त्याच्या घरातल्या सगळ्या बायकांच्या छात्या शाबूत असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर तो पट्टा डाव्या खांद्यावरून निघतो आणि छातीवरून तिरका उजव्या कमरेला जातो. माझ्या बायकोच्या बाबतीत तो नेमका त्याच जागेवरून जायचा जिथून कॅन्सरची गाठ निघाली, गाठीबरोबर अख्खा डावा स्तन निघाला, आणि त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉनची पिशवी बसवून नवा केला गेला.

नवा, म्हणजे डॉक्टरांच्या मते. तिच्या मते ती एक वस्तू होती. पुढे रेडिएशन झालं आणि ती वस्तू बिघडायला लागली. बाहेरून आत ठेवलेल्या कुठल्याही गोष्टीभोवती शरीर एक पातळ आवरण धरतं, हे मला तेव्हा कळलं. हिच्यात ते आवरण जाड झालं आणि आवळत गेलं. पिशवी वर सरकली, घट्ट झाली, दुखायला लागली. डाव्या कुशीवर झोपणं बंद. बोर्डीला आमची चिकूची वाडी आहे. माल उतरला की ओटीवर बसून लहानमोठा वेगळा करायचं काम वर्षानुवर्षं तिचं. तेही ती एका हाताने करायला लागली.

आता माझा पहिला पराक्रम. हॉस्पिटल गुजरातच्या हद्दीत, त्यामुळे डॉक्टरांची भाषा गुजराती, हिंदी आणि मराठीची मिसळ. त्यांनी तपासलं, एका शिकाऊ डॉक्टरकडून फोटो काढून घेतला, आणि पडद्याच्या अलीकडे येऊन मला विचारलं, "भाई, दिखने में कैसा लग रहा है आपको? तुमचं समाधान आहे ना?"

पडद्यापलीकडे ती ब्लाउजची बटणं लावत होती. माझ्या जागी कुणी शहाणा असता तर म्हणाला असता, तिला विचारा. पण मी जन्मभर चिकू विकत आलोय. कुणी समोर माल धरला आणि कसा आहे विचारलं की तोंडातून प्रत निघतेच. मी म्हणालो, "जरा वर बसलंय. थोडं कडक आहे. पण चालेल."

चालेल! ह्या शब्दासाठी मी अजून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतो.

डॉक्टर खूश झाले. म्हणाले, रिझल्ट तसा चांगला आहे, हसबंड खूश आहे, आणखी एक ऑपरेशन करू, आवरण सोडवू, पिशवी बदलू, लागलं तर पाठीचा मांसल भाग फिरवून पुढे आणू. पडद्याआडून ती आली तेव्हा सगळं ठरलेलं होतं. ती म्हणाली, "मला काढून टाकायचंय." डॉक्टर हसून म्हणाले, "बेन, आत्ता दुखतंय म्हणून असं वाटतं. घरी जाऊन शांतपणे विचार करा." आणि घरी जाऊन शांतपणे विचार कर, असं मीही तिला म्हणालो. एकाच खोलीत दोन पुरुष एकच वाक्य बोलले, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

परतीच्या रस्त्यावर तलासरीच्या नाक्याआधी वाहतूक पोलिसाने हात दाखवला. मी पट्टा लावलेला होता. हिने लावला होता, पण तो छातीला टेकू नये म्हणून दोन्ही हातांनी पुढे ताणून धरला होता, आणि हायवेवरच्या खड्ड्यांनी हात भरून आल्यामुळे शेवटी खांद्यावरून काढून पाठीमागे टाकला होता. पोलीस पंचविशीतला, उन्हाने लाल झालेला. खिडकीत वाकून म्हणाला, "मावशी, पट्टा नीट लावा. असा मागे टाकलेला चालत नाही."

नुसतं एवढंच. त्याचं काही चुकलं नव्हतं. पण मला सकाळपासून राग आलेला होता, डॉक्टरवर, रस्त्यावर, त्या पिशवीवर, आणि यातलं कुणीही माझ्यासमोर खिडकीत वाकलेलं नव्हतं. हा वाकला होता. मी दार उघडून खाली उतरलो.

"चालत नाही? काय चालत नाही?" मी ओरडलो. "छाती कापलीय तिची! कॅन्सर होता! आत रबर भरलंय आणि ते दगड झालंय! लाव, तूच लाव पट्टा! दाबून लाव!"

मागे ट्रकांची रांग. दोन क्लीनर खाली उतरून बघायला आले. शहाळीवाला हातातला कोयता तसाच धरून थांबला. त्या पोराचं तोंड एवढंसं झालं. "काका, मला काय माहीत? जा तुम्ही, जा," तो म्हणाला. तरी मी थांबलो नाही. हॉस्पिटलचं, रेडिएशनचं, सगळं ऐकवलं. शहाळीवाला गाडीत वाकून हिला बघायला लागला. म्हणजे हिची छाती बघायला लागला. ते बघून मी त्याच्यावरही ओरडलो.

गाडीत बसलो तेव्हा छाती फुगवून बसलो. बायकोसाठी असा भर हायवेवर उभा राहणारा नवरा कुठे मिळतो, अशा थाटात.

तिने खिडकीची काच वर केली. हायवे सोडून बोर्डीच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "गाडी थांबवा."

मला वाटलं, मळमळतंय. थांबवली. ती उतरली, पुढचं दार आपटलं, गाडीला वळसा घालून मागे आली आणि माझ्या पाठीमागच्या सीटवर बसली.

"अगं, मागे का? मी काय ड्रायव्हर आहे?"

"बोर्डीपासून वापीपर्यंत सगळ्यांना कळलं आता माझ्या छातीत काय आहे ते," ती म्हणाली. "एक मलाच कुणी विचारत नाही, मला काय पाहिजे."

"मी तुझ्यासाठीच बोललो."

"माझ्यासाठी नका बोलू. मला राग येत नाही असं वाटतं का तुम्हाला? माझा राग माझ्याकडे राहू द्या. तुम्ही गाडी चालवा."

त्या दिवसापासून ती मागेच. बाजारात जाताना मागे, डहाणूला लग्नाला जाताना पैठणी नेसून मागे. गावात लोक हसायचे. "काय, भाड्याने लागलात का?" मी रुसव्याचं औषध म्हणून काय काय आणलं! ताजी पापलेटं आणली, गजरा आणला, एकदा तर पुढच्या सीटवर कापसाची उशी बांधली. तिने ती उशी उचलून मागे घेतली आणि काखेखाली ठेवली. मला वाटलं, बाई केवढा राग धरून बसलीय.

मध्येच माझी मोठी बहीण येऊन गेली. "एवढं सोसलंस, आता काढू नको बाई," ती हिला म्हणाली. "निदान कपड्यात तरी बरं दिसतं." ही चहा ओतत होती. डावा हात वर जात नाही म्हणून बरणी उजव्या हातानेच काढली होती, झाकण दातांनी उघडलं होतं. "दिसतं ना बरं?" ती म्हणाली. "मग तुम्ही घेऊन जा. रात्री अंगावर घेऊन झोपून बघा." बहिणीने चहा अर्धा सोडला. मी तिला सोडायला स्टेशनपर्यंत गेलो आणि वाटेत तिच्याशी भांडलो. लगेच आठवलं की हे भांडणंही मला हिने करायला सांगितलेलं नव्हतं.

पुढच्या भेटीला डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख काढूनच ठेवली होती. पिशवी बदलायची. ही खुर्चीत बसली, पदर सारखा केला आणि बोलायला लागली. आवाज चढला नाही, पण मी तिच्याबरोबर इतकी वर्षं काढली आहेत, तो आवाज मी ओळखतो. भिंतीकडे सरकून बसलो.

"डॉक्टर, मला नवीन पिशवी नको. पाठीचं मांसही नको. जे आहे ते काढा आणि सपाट शिवून टाका. मला डाव्या कुशीवर झोपायचंय. दोन्ही हातांनी काम करायचंय. पावसाळाभर मी गाडीत ह्यांच्या मागे बसते, का माहीत आहे? मागच्या उजव्या सीटला पट्टा उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या बाजूला लागत नाही. छातीवरून पट्टा कसा जाईल हे बघून मी जागा शोधते. असं मला जगायचं नाही."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. उजव्या खांद्यावरून! पापलेटं, गजरा, उशी! सगळा पावसाळा मी एका पट्ट्याची मनधरणी करत होतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग सवयीने त्यांची मान माझ्याकडे वळली. "भाई, तमारो शुं विचार छे? तुम्हाला चालेल?"

परत तोच शब्द. माझ्या कानशिलातून वाफ निघाली. त्यांना सांगण्यासारखी पन्नास वाक्यं तयार होती, सगळी तलासरीच्या नाक्यावरच्या पट्टीतली. हिने माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त मांडीवरचा हात जरा वर उचलला, ओटीवर मी चुकीच्या टोपलीत चिकू टाकायला लागलो की उचलते तसा.

मी म्हणालो, "मी ड्रायव्हर आहे. ह्यांना विचारा."

पिशवी निघाली. म्हणजे लगेच सगळं छान झालं असं नाही. नळी लागली, नळी काढल्यावर आत पाणी साठलं, ते सुईने काढायला पुन्हा पुन्हा तोच रस्ता आणि तेच खड्डे. कातडी शिवणीपाशी सुरकुतली आहे. ती आरशासमोर उभी राहते तेव्हा कधी चिडते, कधी रडते, आणि मी बाहेर ओटीवर बसून राहतो. बोलावलं तर जातो. तो राग कुणावर काढायचा हे मला अजून कळलेलं नाही, म्हणून मी खड्ड्यांवर काढतो. खड्डे ऐकून घेतात.

शेवटचं पाणी काढून आलो त्या दिवशी ती हॉस्पिटलच्या दारातून आली आणि मी सवयीने मागचं दार उघडलं. तिने ते बंद केलं. पुढे बसली. पट्टा ओढला, डाव्या खांद्यावरून छातीवरून आडवा आणला, अडकवला. मग हात मांडीवर ठेवले. दोन्ही. पट्टा जिथे टेकायचा तिथे टेकला होता आणि तिने तो धरला नव्हता. मी इतका तिच्याकडे बघत होतो की गाडी कशी काढली आणि हद्द कधी ओलांडली ते आठवत नाही.

तलासरीच्या नाक्याआधी हात आला. तोच पोरगा. त्याने मला ओळखलं, आणि एक पाऊल मागे सरकला. मग लांबूनच, अतिशय अदबीने म्हणाला, "मावशींचा बरोबर आहे. काका, तुमचा पट्टा?"

मी खाली पाहिलं. माझा पट्टा दाराशी लोंबत होता. मी तोंड उघडलं.

"तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली, आणि माझ्यावरून खिडकीकडे वाकून त्या पोराला म्हणाली, "फाड रे बाबा ह्यांची पावती. चांगली मोठी फाड." पट्टा ताणून तिच्या छातीवर करकचला तरी ती वाकलेलीच होती आणि हसत होती.