विचारल्याचे गुण

विद्यापीठाच्या नर्सिंग महाविद्यालयाचं ध्येय आणि मूल्यं ठरवायला समिती बसली, तेव्हा समितीतल्या, तिथंच शिकवणाऱ्या बाई पहिल्या बैठकीपासून नाक मुरडून होत्या. उभा जन्म वॉर्डात आणि वर्गात गेलेला. त्यांना मूल्यं शिकवणारे हे कोण टिकोजीराव? प्राचार्या एकेक शब्द जिभेवर घोळवायच्या, करुणा, सन्मान, सचोटी, आणि बाकीचे नंदीबैलासारखे माना डोलवायचे. "आपलं ध्येय काळजाला भिडलं पाहिजे," असं त्या म्हणाल्या तेव्हा बाई शेजारणीच्या कानात पुटपुटल्या, "डोंबलाचं काळीज! आधी वॉर्डात हात धुवायला साबण द्या म्हणावं."

शेवटी ते शब्द सोनेरी अक्षरांत जिन्यासमोरच्या भिंतीवर चढले. तेवढ्यावर भागलं असतं, पण प्राचार्यांना प्रत्येक मूल्य परीक्षेत दिसायला हवं होतं. 'सन्मान' बाईंच्या गळ्यात पडला. बाईंनी एका बैठकीत त्याचा फडशा पाडला. रुग्णाला आपलं नाव सांगायचं, पडदा ओढायचा, अंगाला हात लावण्याआधी "चालेल ना?" विचारायचं. प्रत्येकाचे गुण. मुली सराव करायच्या तो रबरी बाहुलीवर. "चालेल ना?" म्हटलं की लगेच चादर बाजूला. बाहुली काय बोलणार, कप्पाळ! मुलींना पैकीच्या पैकी. भिंतीवरच्या शब्दांचा बाईंना तिटकारा, पण आपल्या या गुणांच्या तक्त्याचा कोण तोरा!

मग बाईंच्या थोरल्या बहिणीला पक्षाघाताचा झटका आला आणि ती महाविद्यालयाच्याच रुग्णालयात दाखल झाली. जीव वाचला. बोलणं अगदीच गेलं नव्हतं, पण शब्द तोंडापर्यंत यायला फार वेळ लागायचा. डॉक्टरांनी बजावलं, "त्यांचं बोलणं परत येईल, पण त्यांनाच बोलू द्या. तुम्ही त्यांच्या वतीनं बोलायला लागलात, तर त्या प्रयत्नच सोडून देतील." हे मला काय सांगता, असा चेहरा करून बाईंनी ऐकून घेतलं.

सकाळी अंग पुसायला वर्गात पहिली येणारी मुलगी आली. नाव सांगितलं, पडदा ओढला. "आजी, अंग पुसते हं, चालेल ना?" आणि चादर बाजूला. ताईचे ओठ आत्ता कुठे हलायला लागले होते.

बाई कडाडल्या, "थांब! उत्तर दिलं का तिनं?"

मुलगी भांबावली. "पण बाई, मी विचारलं ना."

"विचारलंस, आणि ऐकणार कोण, तुझा काका?"

"ऐकायला गुण नाहीयेत, बाई."

उद्धटपणा नव्हता त्यात. बिचारीनं होतं ते सांगितलं. बाईंना झोंबलं, चांगलंच झोंबलं. पण चूक कबूल करतील तर त्या बाई कसल्या? "अक्कल गहाण टाकलीस का? चादर घाल. पुन्हा विचार. आणि उत्तर येईपर्यंत गप उभी राहा."

मुलीनं चादर घातली, विचारलं आणि उभी राहिली. ताईनं सगळा जीव ओठांत गोळा केला. गळ्याच्या शिरा ताठल्या. "न..." मग पुन्हा, "न..." बादलीतलं पाणी निवत चाललं. बाईंच्या तासाची वेळ झाली होती. ताईच्या हनुवटीवरून लाळ ओघळली आणि बाईंना बघवेना. त्यांना लाज वाटली, आपल्या विद्यार्थिनीसमोर आपल्या सख्ख्या बहिणीची. हो, लाजच, उगाच तिला माया म्हणायला नको.

"अगं ताई, नको काय? बरं वाटेल तुला," बाई म्हणाल्या, आणि मुलीकडे वळल्या. "कर गं तू. हो म्हणतेय ती."

ताईनं धाकट्या बहिणीकडे पाहिलं. मग तोंड मिटून घेतलं. मुलीनं अंग पुसलं, हलक्या हातानं, अगदी पद्धतशीर. बाई तासाला गेल्या आणि तिथं मोठ्या रुबाबात जाहीर केलं, की यापुढे उत्तराची वाट बघण्यालाही गुण मिळतील. मुलींनी वहीत उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली, विचारलं आणि हात बांधून उभी राहिली. खूप वेळ उभी राहिली. खुर्चीतून बाई म्हणाल्या, "बोल ताई, आज घाई नाही कोणाला."

ताईनं ओठ हलवलेच नाहीत. चादर स्वतःच बाजूला सारली आणि पुसायला हात पुढे केला.