लवंगांवर केलेलं कटिंग

"मॅडम, काटा बिघडलाय तुमचा," नितेश म्हणाला.

"काटा ठणठणीत आहे. बिघडलायस तू. उतर खाली."

तो उतरला आणि लगेच स्टुलावर बसला. बसला कसला, टेकला. एवढा दांडगा गडी, पण वजनकाट्यावरून उतरताना त्याने टेबल धरलं होतं.

मी आहारतज्ज्ञ. राहते पेणला, मंगळवारी रोह्यात एका डॉक्टरांच्या दवाखान्यात बसते. माझ्याकडे येतात ते बहुतेक डायबेटिसवाले, नाहीतर लग्न ठरल्यावर बारीक व्हायचं म्हणून आलेल्या मुली. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेसाठी आलेला नितेश पहिलाच. निडीचा मुलगा, धाटावला एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. वडील नाहीत, आई आणि पावसाळी भातशेती. कंपनीतल्या मॅनेजरने त्याला सांगितलं होतं, जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत ये, खेळाडू म्हणून परमनंटसाठी तुझं नाव टाकतो. त्या परमनंटवर घराचं पत्र्याचं छप्पर आणि त्याचं लग्न, दोन्ही अडलं होतं. स्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी, पेणला.

स्पर्धेआधी ही मुलं 'कटिंग' करतात. म्हणजे अंगावरची चरबी उतरवायची आणि स्नायू तसेच ठेवायचे. हे सावकाशच करावं लागतं. पोटभर प्रोटीन, भात-भाकरी थोडी कमी, भाज्या, भरपूर पाणी आणि झोप. घाई केली की शरीर चरबीबरोबर स्नायूही खायला लागतं. चुलीला लाकूड मिळालं नाही की माणूस खुर्ची मोडून जाळतो, तसंच ते. नितेशचं सगळं नीट चाललं होतं. नवरात्रात घरात अंडं-कोंबडी चालत नाही म्हणून मी त्याला उसळी, पनीर, दही, दूध असं बसवून दिलं होतं. आणि आता मधल्या आठवड्यात वजन धाडकन खाली.

"काल रात्री काय खाल्लंस?"

"तुम्ही लिवून दिलंय तेच."

"उसळ कसली होती?"

तो भिंतीकडे बघायला लागला. "वालाची."

तोंडाला लवंगेचा वास येत होता. "दाढ दुखते का?"

"व्हय," तो चटकन म्हणाला. फारच चटकन.

तो गेल्यावर मी त्याच्या जिमवाल्याला फोन लावला. संजू नाव, पोरं त्याला सर म्हणतात. संजू एकदम खुशीत. "मॅडम, पोरगा काय कापलाय! अंगावर नसा बघा नसा!"

"नसा माझ्या सासूबाईंच्यापण दिसतात. त्यांना चढवू का स्टेजवर?"

तो हसला. मी हसले नाही. संध्याकाळच्या गाडीने पेणला परतत होते, ती मध्येच निडीला उतरले.

घराच्या कोपऱ्यात घट बसवलेला. परडीतलं धान्य हिरवंगार उगवलेलं, दिवा तेवत होता. नितेशची आई शेतातून आली असावी, पदराने तोंड पुसत पाट दिला. चहा ठेवू लागली. घटाशेजारी पितळी वाटीत लवंगा होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, मग बाईकडे बघितलं. तिने वाटी उचलून घटामागे सरकवली.

"काकू, नितेश लवंगांवर आहे?"

आमच्याकडे काही जण नवरात्र असं कडक करतात. सकाळी देवीसमोर दोन लवंगा खायच्या आणि पुढे दिवसभर फक्त पाणी. म्हातारी माणसं घरात बसून करतात. शिफ्टमध्ये पोती उचलणारा, वर दोन तास जिम मारणारा माणूस कोणी करत नाही. निदान मी तरी पाहिला नव्हता.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बाई घाबरलीच. "नवस बोललेला सांगत नसतात, मॅडम. सांगितला की फळत नाय."

"नवस कोण बोललं?"

"मी. पोराचा नंबर येऊ दे, म्हणून."

"मग उपवास तुम्ही धरायचा. त्याने का?"

"मागितलंय त्याच्यासाठी, तर धरायला नको त्यानं?"

मी म्हटलं, निदान दूध द्या, ताक द्या, नारळपाणी द्या. देवी काही एवढी कडक नसते. तिने कानाला हात लावले. "आता मोडला तर उलटंल गो बाय. एकुलता हाय माझा." मॅडमची बाय झाले होते मी. रडत होती ती.

तेवढ्यात नितेश शिफ्टवरून आला. मला बघून दारातच थांबला, मग हसला. "मॅडम, टेन्शन नका घेऊ. देवाचंपण होतंय नि कटिंगपण. संजूसर बोलले, अशी बॉडी औषधानं नाय येत."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "अरे शहाण्या, तुझे स्नायू वितळतायत. रक्तातले क्षार खाली चाललेत. क्षार म्हणजे मीठ, पोटॅशियम असलं सगळं, त्याच्यावर हृदय चालतं. ही स्पर्धा सोड. पुढच्या वर्षी मी तुला तयार करते."

"पुढच्या वर्षी तो मॅनेजर ऱ्हाईल का हितं? परमनंट तुम्ही करणार का मला?"

आईने त्याला "असं बोलू नये" म्हटलं. मी चहा अर्धा टाकून उठले.

दसऱ्याला उपवास सुटला. मी त्याला रक्त तपासायला बोलावलं होतं, आला नाही. कारण संजूने शेवटचा डाव सुरू केला होता. स्टेजवर कातडी पातळ दिसावी, खालचा स्नायू उठून दिसावा, म्हणून काही जिमवाले शेवटी पाणी बंद करतात, मीठ बंद करतात. वर लघवीची गोळी देतात. ती गोळी हृदयाच्या पेशंटची. अंगातलं पाणी काढते आणि पाण्याबरोबर क्षारही काढून नेते. चांगल्या खात्यापित्या माणसालाही ती घातक. इथे तर नवरात्रभर उपाशी राहिलेलं अंग.

"संजू, त्याला पाणी पाज. मी हात जोडते," मी फोनवर म्हटलं.

"मॅडम, सगळेच करतात हे. तुम्ही डायबेटिसवाले बघा ना."

नितेशने फोन उचललाच नाही. त्याची आई म्हणाली, "आता उपास नाय गो, आता जेवतोय की." ते खरं होतं. जेवत होता, कोरडा भात. पाणी नव्हतं, तिला ते माहीत नव्हतं.

रविवारी मी मैदानात गेले. जायचं नव्हतं, पण घरात बसवेना. मंडप, लाइट, मोठ्याने लावलेली गाणी. मुलं अंगाला रंग फासून रांगेत उभी. नितेशचा नंबर आला. खोटं कशाला सांगू, दिसत होता देखणा. पाठ दाखवली, पोट दाखवलं. मग दोन्ही हात वर घेऊन दंड फुगवले, आणि तसाच राहिला.

हात खाली येईनात. पायाची पोटरी गोळा होऊन वर चढलेली, मांडी थरथरत होती. पेटका आला होता, सगळ्या अंगाला एकदम. त्याचा जबडा आवळलेला मला खालून दिसत होता. लोकांना वाटलं, पोरगा पोझ धरून उभा आहे. काय शिट्ट्या! काय टाळ्या! "निडी, निडी," म्हणून पोरं ओरडत होती. परीक्षकसुद्धा मान हलवत होते. मी ओरडले, "अरे त्याला खाली घ्या, धरा त्याला!" शेजारची बाई म्हणाली, "तुमचा मुलगा का?"

पडद्यामागे नेल्यावर तो पडला. मी पोचले तेव्हा संजू त्याच्या तोंडात इलेक्ट्रॉलचं पाणी ओतायला बघत होता आणि ते बाहेर येत होतं. पेणच्या हॉस्पिटलमधून पुढे पनवेलला हलवावं लागलं. हृदयाचे ठोके चुकत होते. लघवी झाली ती कोऱ्या चहाच्या रंगाची. स्नायू फुटून त्यातला कचरा किडनीत अडकला की तसा रंग येतो. डायलिसिस करावं लागलं. स्पर्धेत त्याला तिसरा नंबर दिला होता. शुद्धीवर आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, पहिल्या तिघांत आलो की नाय?" म्हटलं, आलास.

मॅनेजर शब्दाला जागला. नाव टाकलं. परमनंटसाठी मेडिकल असतं, त्यात किडनीचा रिपोर्ट आला आणि केमिकलच्या प्लँटमध्ये ठेवता येणार नाही असं कंपनीच्या डॉक्टरने लिहिलं. त्या डॉक्टरला मी दोष देत नाही, मीही तेच लिहिलं असतं. परमनंट गेलंच, कॉन्ट्रॅक्टही गेलं. आता तो वरसेला एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन आहे. मुलगी दिली नाही कोणी. संजूची जिम चालू आहे, ॲडमिशन वाढल्या. तिसऱ्या नंबरचा फोटो त्याने दारावर लावलाय.

पुढच्या नवरात्राच्या तोंडावर नितेशची आई रोह्याला आली. मला वाटलं, मुलाचं पथ्य विचारायला आली. त्याला आता मीठ कमी, डाळ मोजून, पाणीही मोजून. तसं काही नव्हतं.

"मॅडम, नवस पावला ना."

"काय पावला, काकू?"

"नंबर आला की. मी बोलले व्हते, नंबर आला तर पुढल्या साली पण लवंगांवर धरील. पोराला नाय जमायचं आता. मी धरते त्याच्या वाटणीचा." मग हळूच म्हणाली, "मला झेपंल का, तेवढं बघून सांगा. नाय झेपलं तरी धरायचाच हाय. पण बघून सांगा."

मी तिचं वजन केलं, बीपी घेतलं. नाही झेपणार, म्हणून सांगितलं. देवीला नारळ द्या, ओटी भरा, माझ्या नावावर घाला हा दोष, सगळं बोलून झालं. ती मान डोलवत ऐकत होती आणि ऐकत नव्हती. ती गेल्यावर मला रडू कोसळलं. पुढचा पेशंट आत येऊन उभा राहिला, तरी थांबेना.

तिने उपवास धरला. सातव्या माळेला विहिरीवर चक्कर येऊन पडली, हात मोडला. उठून बसल्यावर पहिलं काय विचारलं तर, तोंडात दुधाचा थेंब कुणी घातला नाही ना.

आता कोणी मुलगा स्पर्धेचं डाएट मागायला आला, तर मी त्याला एकट्याला घेत नाही. आधी आईला घेऊन ये, म्हणते. अर्धे परत येत नाहीत.