फुप्फुसाचा एक तुकडा

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. कधी? १९९६ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला, सुरतेतल्या एका दवाखान्यात, छातीच्या डॉक्टरांच्या खोलीत. कोणी केला, हे सांगायला मला थोडा वेळ लागेल. कामगारांसाठी पत्रकं लिहायचे, त्यांत मी असा वेळ घेत नसे. तिथे गुन्हेगार पहिल्या ओळीत लागतो.

आम्ही धुळ्याकडचे. माझे वडील, आबा, सोळाव्या वर्षी सुरतेत येऊन कापडाच्या लूमवर लागले. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारा लाकडी तुकडा; त्यातली धाग्याची कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. कारागीर धोटा तोंडाला लावतो आणि श्वास आत ओढतो, धागा ओठांवर येतो. धाग्याबरोबर काय काय आत जातं ते कुणी पाहिलंय! आबांनी आयुष्यभर हे केलं. बिडीला मात्र कधी हात लावला नाही.

मग खोकला सुरू झाला. सुरतेतल्याच कतारगामच्या एका डॉक्टरने टीबी म्हणून गोळ्या दिल्या, दोन वर्षं. थुंकी एकदाही तपासली नाही. जिना चढताना आबा मधल्या पायरीवर बसायला लागले तेव्हा मी त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे फुंकायच्या मशीनची तपासणी होती. नळी तोंडात दिली आणि आबांनी सवयीने श्वास आत ओढला. पुन्हा दिली, पुन्हा ओढला.

"काका, फूंकना है, खींचना नहीं! लस्सी है क्या?" मशीनवाला ओरडला.

आबा हसले, हसता हसता खोकले. मी त्या माणसाशी भांडले. भांडण मला लगेच सुचायचं.

त्या सोमवारी डॉक्टरांनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला. दोन्ही फुप्फुसं कडक होत चाललीत, खाली मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, म्हणाले. आजार कुठल्या जातीचा हे नक्की कळायला बरगड्यांमधून चिरा देऊन तुकडा काढावा लागेल. पूर्ण भूल द्यावी लागेल. इतक्या कमी श्वासाचा माणूस नंतर श्वास देणाऱ्या मशीनवरून सुटेलच असं नाही. आणि तुकडा काढला तरी गोळ्या बहुधा त्याच.

"धुळीमुळे झालं, हे त्यात दिसेल ना?" मी विचारलं.

"टुकडे पर फॅक्टरी का नाम थोडे ही लिखा होता है, बेन."

पण त्यात नुसती धूळ दिसली तरी मला पुरे होतं. लूमच्या धुळीने कामगारांची छाती जाते, अशी पत्रकं मी वर्षभर कारखान्यांच्या दारात वाटली होती. शेठ लोक म्हणत, पुरावा आण. पुरावा माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता, धापा टाकत.

डॉक्टर सगळं माझ्याकडे बघून बोलत होते. मी शिकलेली ना. आबांनी तोंड उघडलं. "साहेब, मी..." पुढच्या शब्दासाठी ते हवा गोळा करत होते. तेवढ्यात मी वाक्य पुरं केलं.

"ते तयार आहेत."

तुकडा काढायला शुक्रवार ठरला. कागद इंग्रजीत होता. सही मी केली, आबांनी अंगठा दिला.

घरी मी त्यांना समजावायला बसले. तपासणी म्हणजे काय, हक्क म्हणजे काय, एका कामगाराचा तुकडा हजारांसाठी कसा बोलेल. आबांनी ऐकून घेतलं.

"पत्रक वाची राहिनी का मनापुढे?"

तिन्ही दिवस हेच. ते सुरू करत, "पण मले..." आणि मी पुरं करी, "भीती वाटतेय ना? वाटणारच." कधी, "खर्चाचं मी बघते." एकदाही बरोबर आलं नाही.

गुरुवारी दुपारी माय भाकरी थापता थापता थांबली. पिठाचा हात तिने माझ्या तोंडासमोर धरला.

"तू गप बस. त्यासले बोलू दे."

मी गप बसले. चार शब्दांना किती वेळ लागतो हे मला तेव्हा कळलं. तव्यावरची भाकरी करपली, कुणी उठलं नाही.

"कापीसन... समजी गयं," आबा म्हणाले. आणखी एक श्वास. "मंग?"

मंग त्याच गोळ्या, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं.

"मनी छाती... मनापाशी राहू दे."

शुक्रवारी आम्ही दोघं जाऊन नाही म्हणून आलो. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर 'रुग्णाचा नकार' लिहिलं आणि गोळ्या दिल्या. होळीच्या आधी आबा गेले. दाखल्यावर 'श्वसनाचा विकार' एवढंच आहे. शेठ म्हणाले, आता पुरावा कुठाय? खरंच नाही. तुकडा काढला असता तर ते जास्त जगले असते की टेबलावरच गेले असते, मला माहीत नाही. कळायचा मार्गही नाही.

एवढंच माहीत आहे की टीबीवाल्या डॉक्टरने त्यांना विचारलं नाही, शेठने कधीच नाही, आणि त्या सोमवारी मीही नाही. ज्याला बोलायला श्वास पुरत नव्हता त्याचं बोलणं मी उरकून टाकलं.

तुमच्या घरी असा कुणी असेल, आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून विचारत असतील, तर उत्तर देऊ नका. डॉक्टरांना खुर्ची त्याच्याकडे वळवायला लावा. कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायला सांगा. मग तोंड बंद ठेवा, त्याचं वाक्य त्याच्याच श्वासाने पुरं होईपर्यंत. तोवर सही करू नका.