सिमेंट ओतलेला पूल

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना छातीभर पाण्यात उभं केलं की पाय कमी चालतात, तोंडं जास्त! मी मूळची नागपूरची, अमेरिकेत अल्फारेटा गावात एका थेरपी पूलवर फिजिओथेरपिस्ट आहे. रोज एक तरी किस्सा घेऊन घरी येते. नवरा म्हणतो, "आधी जेवून घेऊ दे यार, मग सांग."

मिस लोरेटा रिटायर्ड शिक्षिका. काळ्या, ऐंशीच्या पुढच्या. पहिल्या दिवशी मी विचारलं, "लहानपणी पोहायला नाही शिकलात?"

"गावात स्विमिंग पूल होता, फक्त गोऱ्यांचा. कोर्टानं सांगितलं, सगळ्यांना आत घ्या. गावानं त्यात सिमेंट ओतलं."

"मग गोरी मुलं कुठं पोहायची?"

"कुठंच नाही! आमच्यासोबत पोहण्यापेक्षा ते परवडलं."

मिस्टर हॅरल्डही काळे, लोरेटांच्याच वयाचे. कॉलेजात असताना मित्रांबरोबर गोऱ्यांच्या बीचवर घुसले आणि गुडघाभर पाण्यात उभे राहिले. किनाऱ्यावर पोलीस. "बाहेर या!" हे म्हणाले, "तुम्हीच आत या!" पोलिसांना बूट भिजवायचे नव्हते. ते निवांत थांबले. शेवटी पोरं कुडकुडत बाहेर आली. हॅरल्ड यांचे पुढचे दात त्याच वाळूत पडले.

"एवढं करून समुद्र कसा होता?"

"गार!"

गेल्या उन्हाळ्यात हेच हॅरल्ड नातीच्या अपार्टमेंटच्या पूलवर गेले. कुण्या शेजारणीनं पोलीस बोलावले. नातीनं रहिवाशाचं कार्ड दाखवलं. पोलीस हॅरल्ड यांच्याकडे वळला. "आणि तुम्ही?"

"मी पोहत नाही, नुसता बसलोय."

"त्याचीच तर कंप्लेंट आहे!"

सांगताना हॅरल्ड स्वतः हसले. आम्ही कुणी हसलो नाही.

माझ्या आजीला गावच्या विहिरीवर चढू देत नसत, हे मी एकदा लोरेटांना सांगितलं. त्या चक्रावल्या. "पण तुम्ही सगळे दिसायला सारखेच! कुणाला अडवायचं हे कळतं कसं?"

"आडनाव विचारतात."

त्यांना ते खरंच वाटेना.

मग क्लासला एक मराठी काकू आल्या. मला केवढा आनंद! पाण्यात उतरता उतरता त्यांनी विचारलं, "आडनाव काय गं तुझं?" मी सांगितलं. "अच्छा..." म्हणाल्या. पुढच्या आठवड्यात काकूंनी बॅच बदलली.

"तिनं आडनाव विचारलं ना?" लोरेटा म्हणाल्या. त्यांना मराठीचा एक शब्द कळत नाही!

"तुम्ही कसं ओळखलं?"

"मी तुझा चेहरा बघत होते, बेबी."

आणि हे परवाचं. कॅरल म्हणून एक गोऱ्या बाई येतात, हिप बदललेल्या. बोलता बोलता कळलं, त्या आणि लोरेटा एकाच गावच्या! कॅरल खुशीत येऊन म्हणाल्या, "पूल बुजवला तेव्हा मी किती रडले होते! सिमेंटचा ट्रक माझ्या डॅडींचाच होता."

लोरेटा चालायच्या थांबल्या.

"त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ दगडाच्या खाणीत पोहायला गेला," त्या म्हणाल्या. "खाणीतलं पाणी काळं असतं. संध्याकाळपर्यंत सापडला नाही."



लोरेटांनी मोठा श्वास घेतला आणि सरळ पाण्याखाली गेल्या. मी घाबरून पुढे झाले, तर हॅरल्ड यांनी माझा दंड धरला.

बऱ्याच वेळानं त्या वर आल्या. तोंडावरचं पाणीही पुसलं नाही.

"इथला तळ दिसतो," म्हणाल्या.